घोड्याचा माग

थरोब्रेड घोड्याचा माग काढणे त्यामानाने सोपे. शर्यतीसाठी पैदास केलेल्या शिंगरांची नोंद पुण्यातील स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडियाकडे होते. तीत आईबाप, जन्मतारीख, रंग व पैदास करणारा फार्म सापडतो. मानेतील मायक्रोचिपचा क्रमांक त्या नोंदीशी जुळवता येतो.

नागोठण्यासारख्या गावात मात्र बहुतेक घोडी अशा वहीबाहेरची असतात. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात किंवा माथेरानच्या घोडेवाल्यांकडून घेतलेल्या जनावराचा पूर्वेतिहास माणसांच्या आठवणीतच असतो. म्हणून विकणाऱ्याला आधीच्या मालकाचे नाव व गाव विचारून घ्यावे, बाजाराची पावती जपावी आणि असेच एकेक मालक मागे जावे. नाव बदललेले असू शकते. पण कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे पट्टे व केसांच्या भोवऱ्यांची जागा बदलत नाही. देवमण या शुभ मानलेल्या भोवऱ्यासाठी घोडा पारखणारी जुनी नजर इथे कामी येते. दातांवरून सुमारे पाच वर्षांपर्यंतचे वय बरेच नेमके कळते, पुढे अंदाजच. पूर्वी लंगडला होता का, पोटशूळ होता का, हे जुन्या मालकाइतकेच उपचार करणाऱ्या पशुवैद्यालाही विचारावे.