बार्बेक्यूची शेगडी घेण्याआधी

सेनगावच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आली की आगटी लागते. त्याच बैठकीत कोंबडी, पनीर, मक्याची कणसं भाजायला बार्बेक्यूची एखादी शेगडी असावी, असं हल्ली पुष्कळांच्या मनात येतं. जरूर घ्यावी. पण ती ऐकीव गोष्टींवर विसंबून घेतली, तर पैसे वाया जातात.

कोळशाशिवाय चव नाही, हा सगळ्यात पक्का समज. खरं तर नीट फुललेला कोळसा फारसा धूर देतच नाही. लाकडाचा कोळसा होतानाच धुराला वास देणारी द्रव्यं उडून गेलेली असतात. आपल्याला आवडतो तो खमंग वास तेलाचे, चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून उठतो. गॅसच्या ग्रिलमध्ये ते थेंब बर्नरवरच्या तापलेल्या पत्र्यावर पडले, तरी असाच वास येतो. हुरड्यासाठी मात्र यातलं काहीच नको. गोवऱ्यांच्या गरम राखेत खुपसलेलं कणीस चहूबाजूंनी सारखं भाजतं. जाळीवर ते खालून करपतं आणि वरून कच्चं राहतं.

झाकण नुसतं शोभेचं, असंही म्हणतात. 1952 साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी पोकळ धातूचा गोळा कापून झाकणाची शेगडी केली. झाकणामुळे उष्णता वरूनही लागते आणि हवेची भोकं कमी-जास्त उघडून आच आवरता येते. अख्खी कोंबडी भाजायची असेल, तर झाकण हवंच. वांगी, मक्याची कणसं, पनीर यांना उघडी शेगडी पुरते; फक्त जाळी वरखाली करता यावी.

जाळी कुठलीही चालते, हे साफ चूक. कुंपणाच्या जाळीला जस्ताचा मुलामा असतो. जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळतं आणि फुललेले निखारे त्याहून कितीतरी गरम असतात. जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा बिडाचीच घ्या.

विजेची ग्रिल कुठल्याही प्लगला लावता येते, हेही खरं नाही. 2000 वॅटची ग्रिल जवळपास 9 अँपिअर ओढते. तिला 16 अँपिअरचा पॉवर प्लग लागतो. साधा 6 अँपिअरचा प्लग तापून जळू शकतो.

आता सगळ्यात घातक समज: धूर गेला की शेगडी घरात घ्यायला हरकत नाही. थंडीत ऊब मिळावी म्हणून असं करतातही. पण लालबुंद, बिनधुराच्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. एखादी खिडकी उघडी ठेवून भागत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. कोळशाची शेगडी अंगणातच पेटवावी, निखारे पाणी मारून पुरते विझेपर्यंत बाहेरच ठेवावेत. कुणाला अशी गुंगी आलीच, तर आधी मोकळ्या हवेत न्यावं आणि लगेच 108 ला फोन करावा.