मोटारगाडीचे पुढील दिवे : निवड व सुधारणा

रात्री चालकास रस्ता दिसावा व इतरांस गाडीचे अस्तित्व कळावे, यांसाठी मोटारगाडीच्या पुढच्या बाजूस बसविलेले दिवे. व्यवहारात त्यांना हेडलाइट म्हणतात. मूळ दिव्यांचा उजेड अपुरा वाटला की अधिक प्रखर बल्ब बसविण्याकडे गाडीमालकांचा कल असतो. तथापि दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. प्रकाशाचा उगम, परावर्तक आणि पुढची काच वा भिंग यांची ती एकत्रित योजना असते व तीतील एकच घटक बदलल्यास इतरांचे कार्य बिघडू शकते.

भारतातील अनेक गाड्यांत एच ४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात टंगस्टनाचे ६० व ५५ वॉटचे दोन तंतू असतात. लांबच्या शलाकेचा तंतू परावर्तकाच्या नाभीपाशी असतो. खालच्या शलाकेचा तंतू नाभीच्या किंचित पुढे असून त्याखाली धातूची लहान वाटी बसविलेली असते. या वाटीमुळे प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या भागावर पडतो व तेथून खाली वळतो. उजेड व अंधार यांमधील सीमारेषा अशा रीतीने तयार होते. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालते त्या देशांत ही रेषा डावीकडे वर चढते. त्यामुळे कडेचा पादचारी दिसतो आणि उजवीकडून समोर येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. तंतूची जागा मिलिमीटरभर चुकली, तरी हा आकार बिघडतो.

उजेड कमी पडण्याचे कारण पुष्कळदा बल्बमध्ये नसतेच. तंतूच्या दिव्याचा उजेड विद्युत् दाबाच्या सु. ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे बारीक तारा, गंजलेली जोडणी किंवा झिजलेले बटण यांमुळे दाब १०% घटला, तर उजेड सु. ३०% घटतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तारा नेऊन मध्ये रिले बसविणे ही म्हणूनच जुन्या गाडीसाठी सर्वांत स्वस्त व निर्धोक सुधारणा होय. पॉलिकार्बोनेटाची काच जंबुपार किरणांनी पिवळी व धुरकट झालेली असल्यास ती घासून स्वच्छ करावी व तीवर संरक्षक लेप द्यावा. परावर्तकाचा मुलामा उडाला असेल, तर मात्र दिवा बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

बाजारात १००/९० वॉटचे बल्बही मिळतात. खालच्या शलाकेच्या दोन्ही बल्बांना ५५ वॉटच्या हिशेबाने १२ व्होल्टला सु. ९ अँपिअर प्रवाह लागतो. ९० वॉटच्या हिशेबाने तो १५ अँपिअर होतो. मूळ तारा व बटण त्याने तापतात, प्लॅस्टिकाचे परावर्तक वाकडे होऊ शकतात. लाभ मात्र अपेक्षेपेक्षा कमी असतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होत असल्याने उगम दुप्पट प्रखर केला, तरी तितकाच उजेड फार तर १.४ पट अंतरावर पोहोचतो. समोरच्यास होणारा त्रास मात्र दुप्पट प्रकाशाचा असतो.

झेनॉन वायूतील विद्युत् प्रज्योतीचे दिवे १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत प्रथम आले. ३५ वॉटमध्ये ते सु. ३,२०० ल्यूमेन प्रकाश देतात; एच ४ च्या खालच्या शलाकेचा तंतू सु. १,००० ल्यूमेन देतो. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचा (एलईडी) खालच्या शलाकेसाठी वापर २००७ मध्ये लेक्सस गाडीत झाला. हे दिवे उत्तम आहेत, पण त्यांच्यासाठी आखलेल्या परावर्तकात किंवा प्रक्षेपक भिंगामागे. हॅलोजनाच्या परावर्तकात तेच घातल्यास उगमाचा आकार व जागा जुळत नाही, सीमारेषा पुसट होते आणि गाडीपुढचा रस्ता लखलखीत दिसूनही दूरचा भाग अंधारातच राहतो. चालकाला फसविणारी हीच गोष्ट आहे. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, तीही चाचणी झालेल्या ठराविक गाड्यांपुरतीच. संपूर्ण दिवाच बदलावयाचा असल्यास त्याच गाडीसाठी बनविलेला, प्रमाणित व डाव्या वाहतुकीसाठीचा घ्यावा. उजव्या वाहतुकीच्या देशांतून आणलेल्या दिव्याची रेषा नेमकी समोरच्याच्या डोळ्यांकडे चढते. निळसर प्रकाश प्रखर भासतो, परंतु वयस्क डोळ्यांना तो अधिक बोचतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार समोर ८ मी. अंतरावर, जमिनीपासून १.५ मी. उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस दिपवू नये अशा रीतीने शलाका खाली वळविलेली असावी लागते. काचेवर काळा ठिपका रंगविण्याच्या जुन्या पद्धतीने शलाकेचा आकार सुधारत नाही, फक्त उजेड घटतो.

बल्ब किंवा दिवा बदलल्यावर शलाकेची दिशा तपासणे अगत्याचे असते. उतार १% ठरविलेला असल्यास सपाट जागी भिंतीपासून १० मी. अंतरावर उभ्या केलेल्या गाडीची सीमारेषा दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी. खाली यावी. मागे माणसे व सामान भरले की गाडीचा पुढचा भाग उचलला जातो. अशा वेळी चालकासमोरील चक्राने शलाका खाली आणता येते.