ठणका थांबला, पण पाय बरा झाला का?

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचा कबड्डी खेळताना घोटा मुरगळला. दुसऱ्या दिवशी तालुक्याला सामना. आजीच्या गुडघेदुखीच्या उरलेल्या गोळ्यांतली एक घेऊन ती खेळली. संध्याकाळी पाय टेकवेना. एक्स-रे काढला, तर हाडाला चीर! "घे गोळी, काही होत नाही," असं आम्हीच म्हणालो होतो. म्हणून आज हा विषय.

मार लागला की शरीर त्या जागी काही द्रव्यं तयार करतं. त्यांच्यामुळे सूज येते, दुखतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या ती द्रव्यं कमी करतात. दुखणं दबतं, पण तुटलेलं हाड सांधत नाही. शिवाय तशीच द्रव्यं जठराचं अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून या गोळ्यांनी पोटात जळजळ होते, कधी व्रण होऊन रक्तही जातं. उन्हात घाम गाळून, पाणी न पिता घेतल्या तर मूत्रपिंडाला धोका.

मग करायचं काय? खेळ लगेच थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन दिवस शेक नको, तेल लावून चोळणंही नको. साध्या मुरगळीला डायक्लोफेनॅकचं मलम हलक्या हाताने लावलं तरी बरंच काम होतं. ते रक्तात कमी जातं. मात्र जखमेवर लावू नका.

गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, थोडेच दिवस. अशा दोन गोळ्या एकत्र नकोत. दमा, पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्तदाब असेल, बाई गरोदर असेल, तर न विचारता मुळीच नको. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे.

चार पावलं टाकता येत नसतील, हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, पाय वाकडा दिसत असेल किंवा बधिर झाला असेल, तर थेट दवाखाना गाठा. गोळ्या घेतल्यावर शौचाला डांबरासारखी काळी झाली तरीही.

त्या ताईंनी लेकीची कबड्डी बंद केली नाही, हे आम्हाला फार आवडलं. आजीच्या गोळ्यांचा डबा तेवढा वरच्या फळीवर गेला. तुमच्या घरातला डबा कुठे आहे, आज बघाल ना?