विक्रीचा आलेख आणि वहिनींची वही

टोकियोतल्या आपल्या मंडळींना निशी-कासाई नव्याने सांगायला नको. तोझाई लाइनवरच्या या वस्तीत २००० सालच्या सुमारास भारतीय संगणक अभियंत्यांची कुटुंबे राहायला आली आणि त्यांच्या पाठोपाठ तूरडाळ, हिंग आणि पोहेही आले. तिथल्याच एका छोट्या वाणसामानाच्या दुकानाची ही हकिगत आहे. दुकानाचे नाव मुद्दामच देत नाही. चूक मात्र माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेऊन मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दुकानाचे मालक वयाने वडीलधारे, पण मला थट्टेने 'डॉक्टर' म्हणतात. एकदा म्हणाले, "डॉक्टर, आमच्या दुकानाची नाडी बघा की जरा. गल्ल्यावरच्या यंत्रात तीन वर्षांच्या नोंदी पडून आहेत."

मी हौसेने कामाला लागलो. ॲक्सेससारख्या डेटाबेसमध्ये हे काम फार अवघड नसते. प्रत्येक विक्रीची एक ओळ: तारीख, वेळ, माल, नग, रक्कम. अशा हजारो ओळींवर थेट आलेख काढला तर नुसते मुंग्यांचे वारूळ दिसेल. म्हणून आधी एक क्वेरी लिहायची, म्हणजे डेटाबेसला सांगायचे की, महिन्यानुसार आणि मालानुसार गट पाड आणि प्रत्येक गटाची बेरीज दे. मग रिपोर्टमध्ये आलेख टाकला की प्रोग्रॅम तीनच गोष्टी विचारतो: आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, आणि वेगवेगळे रंग कशासाठी. मी आडव्या अक्षावर महिना ठेवला, उभ्यावर नग आणि प्रत्येक मालाला एक रंग दिला.

आलेख छान दिसत होता. त्यात जाड पोह्यांचे खांब महिन्यागणिक बुटके होत चालले होते. मालकांनी ते पाहून पोह्यांची मागणी कमी केली. पुढच्या महिन्याचा खांब आणखी बुटका झाला. त्यांनी मागणी आणखी कमी केली. शेवटी पोहे बंदच करून त्या फळीवर दुसरे काही ठेवावे, असे ठरत आले.

त्या दिवशी गल्ल्यावर वहिनी होत्या. त्यांनी आलेख पाहिला आणि शांतपणे विचारले, "भाऊजी, पोहे संपल्यावर जे विचारून रिकाम्या हातांनी जातात, ते तुमच्या चित्रात कुठं आहेत?" आणि गल्ल्याखालून एक वही काढली. कोणी काय मागितले आणि मिळाले नाही, ते त्या तारीखवार टिपून ठेवत. पोह्यांची पाने भरलेली होती.

मी घरी जाऊन तोच आलेख दिवसवार काढला, तेव्हा उलगडा झाला. माल महिन्यातून एकदा येत असे. पोहे पहिल्या आठ-दहा दिवसांत संपत, आणि उरलेल्या दिवसांच्या ओळीच टेबलात नव्हत्या. खांब बुटके होत होते ते मागणी कमी केल्यामुळे, आणि मागणी कमी होत होती ती खांब बुटके झाल्यामुळे. मी काढलेल्या आलेखाने पोह्यांना गिऱ्हाईक असताना त्यांचा गळा आवळत आणला होता.

इथे लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट आहे. विक्रीच्या टेबलात विकलेल्या मालाचीच ओळ असते. 'काही विकले नाही' अशी ओळ कोणी लिहीत नाही. त्यामुळे 'माल होता पण कोणी घेतला नाही' आणि 'मालच नव्हता' या दोन अगदी निराळ्या गोष्टी टेबलात सारख्याच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. आणि रेषेचा आलेख असेल तर प्रोग्रॅम दोन टिंबांमधली दरी बिनदिक्कत सरळ रेघेने जोडून मोकळा होतो.

गंमत म्हणजे, हा प्रश्न आपण राहतो त्याच देशात फार पूर्वी ओळखला गेला होता. १९७४ साली टोकियोतल्या तोयोसू इथे सेव्हन-इलेव्हनचे पहिले जपानी दुकान उघडले. १९८२ साली या साखळीने दुकानांत पॉस, म्हणजे विक्री होताक्षणी नोंद करणारी यंत्रणा आणायला सुरुवात केली. अमेरिकेत अशा यंत्रांचा मुख्य उपयोग गल्ल्यावरच्या चुका आणि अफरातफर रोखण्यासाठी होई. इथे ती कोणता माल किती मागवायचा हे ठरवण्यासाठी वापरली गेली. १९८५ साली तर दुकानातच आलेख दाखवणारे संगणक आले. या पद्धतीला जपानीत 'तानपिन कानरी' म्हणतात, म्हणजे एकेका वस्तूचा स्वतंत्र हिशेब. ओनिगिरी किती खपले एवढे पुरत नाही, शेवटचा किती वाजता खपला हे पाहायचे. दुपारी बारालाच संपला असेल, तर त्यानंतरची गिऱ्हाइके हातची गेली. या न दिसणाऱ्या तोट्याला 'किकाई रोसु', म्हणजे संधीचा तोटा, असे नावच आहे. मागणी नोंदवणाऱ्याने, मग तो अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी का असेना, आधी अंदाज बांधायचा आणि मग आकड्यांवर तो पडताळून पाहायचा. आमच्या वहिनी हेच एका वहीत करत होत्या.

मग मी आलेखाची मांडणी बदलली. कोणाला आपल्या दुकानासाठी किंवा कचेरीसाठी उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

पहिले म्हणजे, दिनदर्शिकेचे एक वेगळे टेबल करायचे, प्रत्येक दिवसाची एक ओळ. विक्री त्याला अशी जोडायची की विक्री असो वा नसो, दिवस गळता कामा नये. दुसरे, माल आल्याच्या नोंदींचे टेबल करून रोजची शिल्लक काढायची. शिल्लक असून विक्री नसेल तर शून्य लिहायचे. शिल्लकच नसेल तर जागा कोरी ठेवून आलेखात करडा पट्टा दाखवायचा. तिसरे, नग आणि रक्कम यांचे आलेख वेगवेगळे काढायचे, आणि रक्कम उपभोग कराशिवायची घ्यायची. एप्रिल २०१४ मध्ये हा कर ५ टक्क्यांवरून ८ टक्के झाला. करासकट आकडे घेतले तर खप तेवढाच असूनही त्या महिन्यात रेघ वर गेलेली दिसते. चौथे, खांबांचा आलेख नेहमी शून्यापासून सुरू करायचा, नाहीतर मूठभर फरक डोंगराएवढा दिसतो.

सबंध दुकानाची प्रकृती पाहायला इथल्या कचेऱ्यांत वापरतात तो 'झेड आलेख' मला फार आवडला. त्यात वर्षाच्या तीन रेघा असतात: दर महिन्याची विक्री, वर्षारंभापासूनची चढती बेरीज, आणि त्या-त्या महिन्यापर्यंतच्या मागच्या बारा महिन्यांची बेरीज. पहिल्या महिन्यात पहिल्या दोन रेघा एकाच टिंबावर असतात आणि बाराव्या महिन्यात शेवटच्या दोन, म्हणून तिन्ही मिळून इंग्रजी झेड अक्षर होते. त्यासाठी दोन वर्षांच्या नोंदी लागतात. खरे मर्म वरच्या रेघेत आहे. आपल्या दुकानांची विक्री दिवाळीला उसळते आणि उन्हाळ्याच्या सुटीत मंडळी भारतात गेली की बसते. बारा महिन्यांच्या बेरजेत प्रत्येक सण एकदाच येत असल्याने हे चढउतार विरतात. ती रेघ उजवीकडे चढत असेल तर धंदा वाढतो आहे, उतरत असेल तर वेळीच जागे व्हावे. जपानचे आर्थिक वर्षही आपल्यासारखेच एप्रिल ते मार्च, त्यामुळे मालकांना ही रेघ समजावताना फार सायास पडले नाहीत.

नव्या आलेखात पोह्यांसमोर करड्या पट्ट्यांची रांगच दिसली. मालकांनी बराच वेळ ती पाहिली आणि पोह्यांची मागणी दुप्पट केली. त्या महिन्यात करडा पट्टा जवळजवळ अखेरीला आला.

आता डेटाबेसमध्ये चौथे टेबल आहे. त्याचे नाव मी 'वही' ठेवले आहे. कोणी काही मागितले आणि मिळाले नाही की वहिनी त्यात एक ओळ घालतात. त्यांची कागदी वही मात्र गल्ल्याखाली अजून आहे. "तुमचं यंत्र बंद पडलं तर?" असे त्या म्हणतात, आणि त्यावर या डॉक्टरकडे उत्तर नाही.