तस्कर नेमकं कोणाला म्हणायचं?

एखाद्यावर ‘एमपीडीए लावला’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो, पण १९८१च्या त्या कायद्याचं पूर्ण नाव क्वचितच कुणी वाचतं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती अशी यादी त्या नावातच आहे. पुढच्या दुरुस्त्यांनी तिच्यात वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारेही आले. हातभट्टीवाला, तस्कर आणि काळाबाजारवाला या तीन वेगळ्या जाती आहेत हे कायद्याला कळतं. आपण मात्र बोलताना आणि मथळे देताना तिघांनाही सरसकट तस्कर करून टाकतो.

पहिला गैरसमज शब्दाच्या मुळातूनच येतो. संस्कृतात तस्कर म्हणजे चोर. रुद्राध्यायात रुद्राला तस्करांचा अधिपती म्हटलं आहे, तिथे सीमा किंवा जकातीचा काही संबंध नाही. आजचा तस्कर मात्र बहुतेक वेळा चोरलेला माल आणत नाही. दुबईतलं सोनं त्याने किंवा त्याच्या मालकाने पैसे मोजून घेतलेलं असतं. बुडतं ते सरकारचं शुल्क, किंवा मोडली जाते ती आयात-निर्यातीवरची बंदी.

दुसरा गैरसमज सिनेमाने पक्का केला: तस्करी म्हणजे अंधारी रात्र, किनाऱ्याला लागणारी होडी आणि पेट्या उतरवणारी माणसं. या चित्राला आधार होता. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला. तोवर देशात सोन्याला मागणी प्रचंड आणि वैध वाट अरुंद होती, त्यामुळे दहा तोळ्यांची बिस्किटं समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. पण १९६२च्या सीमाशुल्क कायद्यातली व्याख्या होडीपाशी थांबत नाही. ज्या कृतीमुळे किंवा कसुरीमुळे माल कलम १११ किंवा ११३खाली जप्तीला पात्र ठरतो, ती तस्करी. तेव्हा न्हावा-शेवा बंदरात भरदिवसा, कागदपत्रांसह उतरलेला कंटेनरही तस्करीचा असू शकतो. कागदावर एक माल आणि आत दुसरा, किंवा माल तोच पण त्याची किंमत खोटी, एवढंही पुरतं. शिवाय सोन्याच्या बाबतीत कलम १२३ सिद्धतेचा भार उलटवतं. तस्करीचं असल्याच्या वाजवी समजुतीने ते जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे ज्याच्याकडून जप्त झालं त्याने दाखवायचं असतं. पक्की पावती जपून ठेवायची ती यासाठीही.

रेशनचा तांदूळ दुकानातून परस्पर व्यापाऱ्याकडे गेला की ‘तांदळाची तस्करी’ असं छापून येतं. हा काळाबाजार आहे. माल देशातला, वैध आणि गरिबाच्या नावाने आलेला असतो, आणि तो कार्डधारकाच्या ताटातून काढून घेतला जातो. इथे १९५५चा अत्यावश्यक वस्तू कायदा लागतो. ‘तस्करी’ म्हटलं की नजर टेम्पो आणि चेकपोस्टकडे वळते. दुकानाची नोंदवही तपासायची राहून जाते, आणि मला हे फार खटकतं.

मग तस्करीला देशाची सीमा ओलांडावीच लागते का? रूढ वापरात नाही. मांडूळ घ्या. जाडसर, शांत, बिनविषारी साप. त्याची शेपटी इतकी बोथट असते की ती डोक्यासारखी दिसते, म्हणून दुतोंड्या हे नाव पडलं. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, अशा भूलथापांवर त्याचे लाखोंचे सौदे होतात. दोन तोंडं त्याला नसतात आणि धनाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. तो उंदीर खातो आणि शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पकडणं आणि विकणं हाच गुन्हा आहे, मग तो शेजारच्या तालुक्यात नेलेला का असेना. वाळूचंही तसंच. विनापरवाना उपसा आणि वाहतूक झाली की पुरे.

एमपीडीएखालची स्थानबद्धता म्हणजे शिक्षा, हाही गैरसमज. ती प्रतिबंधक कारवाई आहे, जास्तीत जास्त बारा महिन्यांची. तिच्यासाठी खटला चाललेला नसतो. त्यामुळे स्थानबद्ध माणसाला ‘दोषी ठरलेला तस्कर’ म्हणणं चूक आहे.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते ‘मानवी तस्करी’ या जोडशब्दात. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद २३ ‘माणसांचा अपव्यापार’ म्हणतो, आणि ते नेमकं आहे. पैसे घेऊन कुणाला चोरून सीमेपार पोचवणं वेगळं, आणि फसवून, धाकाने किंवा नाडून त्याचं शोषण करण्यासाठी त्याला विकणं, नेणं, ठेवून घेणं वेगळं. संयुक्त राष्ट्रांनी २०००मध्ये या दोन्हींसाठी दोन स्वतंत्र करार केले. अपव्यापाराला सीमा लागतच नाही. गावातून मुंबईत कामाच्या आमिषाने आणून डांबलेली मुलगीही त्याची बळी असते. ‘ती स्वतःच्या मर्जीने आली होती’ हा बचावही चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३नुसार अपव्यापाराचा गुन्हा ठरवताना पीडितेची संमती गैरलागू आहे.