पासष्ट नंबरची शायिका

मुंबईला जाणारी रात्रीची गाडी म्हणजे आम्हा वर्धेकरांचा मोठाच आधार. मोठ्या दवाखान्यातली तारीख, मुलाची मुलाखत, लेकीचं बाळंतपण, सगळं त्या साडेसातशे किलोमीटरच्या पलीकडे. काही वर्षांपूर्वी मीही आईला घेऊन अशाच एका गाडीत चढलो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मन मोठं करून थ्री टायर एसीची तिकिटं काढली होती. आईला 65 नंबरची खालची शायिका, मला 66.

नंबर वाचत वाचत आम्ही डब्याच्या टोकाला पोचलो. चौसष्टवर डबा संपला!

उलगडा टी.सी.नी केला. नव्या एलएचबी बनावटीच्या थ्री टायर डब्यात 72 शायिका असतात, जुन्या बनावटीच्या डब्यात 64. ऐनवेळी डबा नादुरुस्त निघून त्याऐवजी जुना लागला की शेवटचे आठ नंबर हवेत विरतात. टी.सी. भला माणूस. खटपट करून त्यांनी स्लीपरमध्ये दोन जागा करून दिल्या. आई म्हणाली, ‘‘निजायला मिळालं ना बाप्पा, बस झालं.’’ मीही हात जोडले आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी फरकाचे पैसे मागायला खिडकीवर गेलो, तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘‘दाखला कुठाय?’’ दाखला नव्हता. आम्ही स्लीपरमधून आलो, याचा माझ्याकडे शब्दाखेरीज पुरावाच नव्हता. खिडकीमागच्या माणसाचं काहीही चुकलं नव्हतं. चुकलो होतो मी.

घरी येऊन कायदा वाचला आणि आणखी चुटपुट लागली. 1989 च्या रेल्वे अधिनियमाचं कलम 51 सांगतं, की तिकीट हे जागा उपलब्ध असण्याच्या अटीवरच दिलेलं असतं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे, की जागेअभावी खालच्या वर्गातून प्रवास करावा लागला, तर भाड्यातला फरक परत मिळण्याचा प्रवाशाला हक्क आहे. मी ज्याला मेहेरबानी समजून हात जोडले, तो माझा हक्क होता.

परताव्याचे आजचे नियम 2015 सालचे आहेत. खालच्या वर्गात जावं लागलं, तर टी.सी.कडून तसा लेखी दाखला गाडीतच घ्यायचा. दाखल्याचा दिवस सोडून दोन दिवसांच्या आत तो तिकिटासह खिडकीवर द्यायचा. ई-तिकीट असेल तर ‘टीडीआर’ भरून मूळ दाखला पाठवायचा. पक्की जागा मिळालीच नाही आणि प्रवास केला नाही, तर गाडी सुटल्यापासून तीन तासांच्या आत मागितल्यास पूर्ण भाडं मिळतं. एसी बंद पडला, तर मुदत पोचल्यापासून वीस तासांची. टी.सी. सापडलाच नाही, तर 139 वर तक्रार करून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. एवढं करूनही परतावा नाकारला गेला, तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. त्याचं खंडपीठ आपल्या नागपुरातच आहे.

वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजी 1936 साली राहायला आले. त्याच्या कितीतरी आधी, 1917 मध्ये, त्यांनी मुंबई ते मद्रास असा तिसऱ्या वर्गाने प्रवास केला आणि त्याची हकिगत वर्तमानपत्रांकडे पाठवली. भाडं तेरा रुपये नऊ आणे, डब्यावर लिहिलेली संख्या बावीस माणसांची, दोन रात्रींचा प्रवास आणि पाठ टेकायला धड फळी नाही. आण्यासकट नोंद! गैरसोय सगळ्यांचीच होत होती. त्यांनी ती लिहून काढली.

आपण मात्र ‘एका रात्रीचा तर प्रश्न’ म्हणून सोडून देतो. गाडी सुटते, सकाळ होते, आणि रात्रीची अडचण आपल्यालाच क्षुल्लक वाटू लागते. फरकाची रक्कम फार नसते, हे खरं. पण ऑपरेशनच्या खर्चातून काटकसर करून कुणी आईसाठी खालची शायिका घेतलेली असते.

अजूनही आई प्रवासाला निघाली, की मी पाण्याची बाटली आणि तिच्या गोळ्या तपासतो. मग ती विचारते, ‘‘अन् पेन-कागद?’’