नौसैनिक ते नौदल अधिकारी : यवतमाळसाठी दुसरा दरवाजा

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी एकाही तालुक्याला समुद्राचा वारा लागत नाही. वर्धा आणि पैनगंगा या त्याच्या सीमेवरच्या नद्या, आणि मुंबईचा किनारा रस्त्याने साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. तरीही पुसद, दिग्रस, वणी, पांढरकवडा इथल्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या मुलांच्या तोंडी पोलीस आणि लष्कर यांच्याबरोबर नेव्हीचे नाव असते. कापूस-सोयाबीनच्या भावावर आणि पावसाच्या लहरीवर ज्या घराचा संसार अवलंबून आहे, त्या घराला दरमहा येणाऱ्या पगाराचे मोल सांगावे लागत नाही. म्हणून भरतीचे पत्र आले की पोरगा मार्गी लागला, असे घर म्हणते. हा आनंद रास्तच आहे. खंत एवढीच की, बहुतेक ठिकाणी भरती हाच शेवटचा मुक्काम मानला जातो. नाविक म्हणून दाखल झालेल्याला पुढे कमिशन मिळवून अधिकारी होता येते, आणि ही वाट आडवळणाची नाही. ती नौदलाच्या नियमांत आहे, वापरात आहे. माझे म्हणणे असे की, यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी अधिकारीपदाचा हा दुसरा दरवाजा पहिल्याहून, म्हणजे बाहेरून थेट अधिकारी होण्याच्या वाटेहून, अधिक न्याय्य आहे. नौदलाच्या बाजूनेही त्यात उपकार नाही, गरज आहे.

आधी ही रचना समजून घेऊ. नौदलात नाविकाची सुरुवात ओडिशातल्या आयएनएस चिल्का या प्रशिक्षण केंद्रात होते. तिथून तो आपल्या शाखेच्या शाळेत जातो : इंजिनाचे काम असेल तर लोणावळ्याचे आयएनएस शिवाजी, विजेचे असेल तर जामनगरचे आयएनएस वालसुरा, तोफखान्याचे असेल तर कोचीचे आयएनएस द्रोणाचार्य. मग सीमन, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि शेवटी मास्टर चीफ पेटी ऑफिसर अशा पायऱ्या. यातला सर्वोच्च दर्जा लष्करातल्या सुभेदार मेजरच्या बरोबरीचा. पदांच्या नावात ‘ऑफिसर’ असले तरी यांपैकी कोणालाही कमिशन नसते. कमिशन मिळते ते सब-लेफ्टनंटपासून, आणि तिथे पोचण्याचे नाविकाला मुख्यतः दोन मार्ग. पहिला तरुणांसाठीचा ‘कमिशन वर्दी’ (कमिशनला पात्र), म्हणजे बोलीतले सीडब्ल्यू : वयाची आणि शिक्षणाची अट पूर्ण करणारा, वरिष्ठांनी शिफारस केलेला नाविक निवड मंडळापुढे जातो आणि निवडला गेला तर केरळातल्या एळिमला इथल्या भारतीय नौदल अकादमीत दाखल होतो. दुसरा मार्ग अनुभवींसाठीचा, ‘स्पेशल ड्युटीज लिस्ट’ म्हणजे एसडी : बरीच वर्षे सेवा झालेला, आपल्या कामात मुरलेला पेटी ऑफिसर किंवा त्याहून वरचा माणूस परीक्षा आणि निवडीतून अधिकारी होतो. शिवाय डेहराडूनचे आर्मी कॅडेट कॉलेज आहे. तिथे बारावी झालेल्या आणि किमान दोन वर्षे सेवा केलेल्या जवानांना पदवीसह लष्करी अधिकारी घडवले जाते, आणि नौदल व हवाई दलातल्या जवानांनाही त्याचे दार मोकळे आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर प्रजासत्ताक दिनी किंवा स्वातंत्र्यदिनी मिळणारे मानद कमिशन वेगळे. तो गौरव आहे, त्यातून पुढची कारकीर्द घडत नाही.

सीडब्ल्यूचा उमेदवार ज्या सेवा निवड मंडळापुढे, म्हणजे एसएसबीपुढे उभा राहतो, त्याच पद्धतीची कसोटी बाहेरून थेट अधिकारी होऊ पाहणाऱ्याचीही लागते. पाच दिवस चालणारी ही निवड. पहिल्या दिवशी छाननी : बुद्धिमत्ता चाचणी, आणि एक धूसर चित्र काही क्षण पाहून त्यावर गोष्ट लिहायची, मग तीच गटात मांडायची. जे उरतात त्यांच्यासाठी मानसशास्त्रीय चाचण्या. पडद्यावर एकेक शब्द येतो आणि पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचे. असे साठ शब्द. नंतर मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन गटाने अडथळा पार करायचा, मुलाखत द्यायची, आणि शेवटी सगळ्या परीक्षकांची एकत्र बैठक. इथे पाठांतर चालत नाही. उमेदवार संकटात काय करतो, इतरांना सोबत घेतो की नाही, एवढेच पाहिले जाते.

आता प्रश्न असा की, या कसोटीला कोण कोणत्या वयात सामोरा जातो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या परीक्षेला मुलगा साधारण सतराव्या-अठराव्या वर्षी बसतो. त्या वयापर्यंत त्याने काय मिळवले, हे बव्हंशी घराने ठरवलेले असते : शाळेतली इंग्रजी, घरातली पुस्तके, शहरातला शिकवणीवर्ग, आणि मुळात एनडीए नावाची गोष्ट आहे हे आठवीत असतानाच सांगणारे कोणी. झरी-जामणी किंवा घाटंजीच्या खेड्यातल्या हुशार मुलीची बुद्धी कमी नसते. तिला ही माहिती पोचेपर्यंत वय निघून गेलेले असते. हीच मुलगी नाविक म्हणून दाखल झाली, चार समुद्र पाहिले, इंग्रजी-हिंदी कानावर पडली, दर आठवड्याला शिस्तीने काम केले, आणि बाविसाव्या वर्षी त्याच मंडळापुढे उभी राहिली, तर मंडळापुढे ती स्वतः असते, तिचे घर नसते. दुसऱ्या दरवाजाला मी अधिक न्याय्य म्हणतो ते याच अर्थाने. कसोटी तीच, पण माणूस तोवर स्वतःच्या बळावर उभा असतो.

न्यायाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी उपयोगाचा मुद्दा उरतो, आणि तो नाविकांपेक्षा नौदलासाठी मोठा आहे. जहाजाच्या इंजिनकक्षात चार-चार तासांच्या पाळ्या चालतात, त्याला वॉच म्हणतात. वॉचवरचा नाविक ठरावीक वेळाने तापमान, तेलाचा दाब, पाण्याची पातळी नोंदवहीत लिहीत असतो. यंत्राच्या आवाजात फरक पडला की काटा हलण्याआधीच त्याच्या कानाला तो कळतो. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. असा माणूस अधिकारी झाला, तर आदेश देताना त्या आदेशाची किंमत खाली कोण मोजणार आहे हे त्याला ठाऊक असते. याचे सर्वांत ठळक उदाहरण नौदलातले नाही, लष्करातले आहे. कारवारजवळच्या चेंडिया गावात १९१८ मध्ये जन्मलेले राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, हवालदारपदापर्यंत चढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि पाडून ठेवलेली झाडे हटवून रणगाड्यांना वाट करून द्यायची होती. भर गोळीबारात ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, त्याच्या चाकांबरोबर सरपटत राहिले आणि दोन दोऱ्या ओढून चालकाला इशारे देत रणगाडा पुढे नेला. जखमी होऊनही त्यांनी काम थांबवले नाही. त्यांना परमवीर चक्र मिळाले. सुरुंग हाताने काढण्यात ज्याची वर्षे गेली होती, त्या सेकंड लेफ्टनंटलाच हा डाव सुचू शकत होता.

ज्या नौदलांचे आपण अनुकरण केले त्यांनाही हे उशिरा का होईना उमगले. कोळसावाहू गलबतांवर शिकलेला जेम्स कुक १७५५ मध्ये ब्रिटिश नौदलात साधा खलाशी म्हणून आला. त्याला लेफ्टनंटचे कमिशन १७६८ मध्ये मिळाले, आणि प्रशांत महासागराचे नकाशे त्याच्या सफरींनी बदलले. तरीही पुढे ब्रिटिश नौदलात ही वाट इतकी अरुंद झाली की, १९१२ मध्ये नौदलमंत्री चर्चिल यांना खालच्या डेकवरच्या माणसांसाठी, म्हणजे नाविकांसाठी, खास योजना काढावी लागली. अमेरिकेत तर १९५६ मध्ये नाविक म्हणून दाखल झालेले जेरेमी बूर्डा १९९४ मध्ये नौदलप्रमुख झाले. आपल्याकडे त्याहून जुना दाखला आहे. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर इंग्रजांच्या नाकासमोर किल्ला बांधायचे काम छत्रपती शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्यावर सोपवले. मायनाक हे समुद्रावर जगणाऱ्या समाजातले. त्यांचे समुद्राचे ज्ञान हीच त्यांची पात्रता ठरली. आज नौदलाचा ध्वज आणि ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरची पदचिन्हे महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतात. मुद्रेबरोबर नेमणुकीची ती रीतही घ्यायला हवी.

खालून वर जाण्याची वाट बुजली तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्ही झपाट्याने वाढली, आणि शिकलेली मुले मोठ्या आशेने नाविक झाली. वाट्याला आले निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांहून कमी पगार आणि वरिष्ठांच्या शिव्या. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शाळेत ठिणगी पडली आणि काही दिवसांत बंड कराचीपर्यंत पसरले. त्याची कारणे अनेक होती, स्वातंत्र्याची ओढ त्यांत अग्रभागी होती. पण शिकलेल्या माणसाला मान नाही आणि पुढे जायला जागा नाही, ही जळजळही त्या आगीत होती. जहाजावर तर अधिकारी आणि नाविक यांच्यातले हे अंतर अधिकच निरर्थक ठरते. ९ डिसेंबर १९७१ रोजी आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. पाणबुडीच्या टॉर्पेडोने हुद्दा पाहिला नव्हता.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, चांगले नाविक अधिकारी होऊन गेले तर खालच्या डेकचा कणा कोण होणार? मास्टर चीफ पेटी ऑफिसर हे स्वतः एक सन्मानाचे शिखर आहे, आणि प्रत्येकाने कमिशनच मिळवावे असे कोणी म्हणू नये. हे मान्य. पण ज्याला वर जायचे आहे त्याला अडवून धरल्याने कणा मजबूत होत नाही, कुढणारा माणूस तेवढा तयार होतो. दुसरा आक्षेप आधुनिक जहाजांचा : आजची रडारे आणि क्षेपणास्त्रे सांभाळायला अभियंतेच हवेत. खरे आहे, आणि म्हणूनच सीडब्ल्यूच्या उमेदवाराला अकादमीत पाठवून शिकवले जाते, नुसता हुद्दा बदलून सोडले जात नाही. तिसरा आक्षेप अग्निपथ योजनेचा, आणि तो सर्वांत वजनदार. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत भरती चार वर्षांची आणि जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर पुढे कायम. २८ मार्च २०२३ रोजी चिल्कात सूर्यास्तानंतर पहिल्या तुकडीचे दीक्षान्त संचलन झाले. सुमारे २६०० अग्निवीरांत २७०हून अधिक मुली होत्या. त्यांच्यासाठी दुसऱ्या दरवाजाकडे जाणारी वाट आता चाळणीतून जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. चारच वर्षे हातात असतील तर पाचव्या वर्षी जाग येऊन चालणार नाही. जो पहिल्या दिवसापासून आपल्या वरच्या कामाची तयारी करतो, तोच कायम राहण्याची आणि पुढे शिफारस मिळवण्याची शक्यता अधिक.

इथेच यवतमाळची जबाबदारी सुरू होते. पहिली गोष्ट अकरावीची. अग्निवीर एसएसआर या मुख्य नाविक भरतीला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागते, तर दहावीच्या पायावर होणारी एमआर भरती प्रामुख्याने स्वयंपाक, मेस आणि स्वच्छतेच्या कामासाठी असते. कामे सगळीच सन्मानाची, पण पुढच्या वाटा सारख्या नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी अकरावीला प्रवेश घेताना गणित सोडणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही, आणि त्या एका निर्णयाने अधिकारीपदाची वाट त्याच्यासाठी फार लांबची होते. दुसरी गोष्ट बोलण्याची. भरतीच्या अकॅडमीत धावणे, पुशअप आणि लेखी परीक्षा यांवर भर असतो. गटात उभे राहून आपले म्हणणे मांडणे, वर्तमानपत्र वाचून त्यावर बोलणे, हे तिथे क्वचितच होते. तिसरी गोष्ट माहितीची. राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सेवा पूर्वतयारी संस्था काढली. एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात विसापूरला २०१९ पासून सैनिकी शाळा आहे. पहिल्या दरवाजासाठी एवढे आहे. दुसऱ्या दरवाजाची माहिती मात्र भरती झालेल्या मुलाला त्याच्या जहाजावरच कळली तर कळते.

म्हणून आवाहन साधे आहे, आणि ते तीन ठिकाणी आहे. कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी, नौदलात जायचे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला गणित-भौतिकशास्त्र सोडू देऊ नये. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आणि जिल्ह्यातल्या माजी नौसैनिकांनी, भरतीला निघालेल्या मुलामुलींना निरोप देताना सीडब्ल्यू, एसडी आणि आर्मी कॅडेट कॉलेज या तीन वाटा कागदावर लिहून हातात द्याव्यात. आणि ज्याच्या घरी चिल्काचे पत्र आले आहे त्या आईवडिलांनी पेढे वाटून झाल्यावर मुलाला एवढेच सांगावे : पहिल्या सुटीत घरी येशील तेव्हा कमिशनची अट काय आहे, हे तुझ्या डिव्हिजनल ऑफिसरला विचारून ये.